घोडा पाय टेकवेनासा झाला तर: पहिले काही तास आणि पुढचे महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांची घोडी काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती, आज सकाळी उजवा पुढचा पाय टेकवायलाच तयार नाही. डॉक्टर पोचायला पाच-सहा तास आहेत. तोवर नाल काढावी का, तळवा कोरून बघावा का, आणि कुणीतरी सुचवलंय तशी उपचाराची नाल लगेच मारून घ्यावी का?

तिन्हींना आत्ता तरी माझं उत्तर 'थांबा' असंच आहे. पण थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही, या पाच-सहा तासांत करण्यासारखं पुष्कळ आहे. मी पंचवीस वर्षं नालबंदी करतो आणि त्यातली बरीचशी वर्षं जनावरांच्या डॉक्टरांबरोबर आजारी खुरांवर काम करण्यात गेली. पहिल्या सकाळी मालकाने काय केलं आणि काय करायचं टाळलं, यावर पुढचे सहा महिने ठरताना मी पाहिले आहेत.

आधी खुराचं दुखणं इतकं भयंकर का असतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. ज्याला कधी नखुरडं झालंय त्याला ती रात्र आठवत असेल. नखाखाली थेंबभर पू असतो, पण त्याला फुगायला जागा नसते, म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठणका लागतो. घोड्याचा अख्खा खूर म्हणजे असं एक नख आहे. बाहेरून टणक कवच, आत हाड, आणि दोघांच्या मध्ये रक्ताने भरलेला नाजूक थर. सूज आली तरी कवच तसूभर हलत नाही. त्यातून घोडा आपल्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर पेलतो. म्हणून छोट्याशा पुवानेही घोडी पाय मोडल्यासारखी तीन पायांवर उभी राहते. मालक घाबरतो ते चुकीचं नाही, पण दिसतं तितकं ते दर वेळी गंभीर नसतं. रात्रीत आलेल्या अशा लंगडेपणामागे बहुतेक वेळा खुरातलं गळू निघतं, आणि ते नीट हाताळलं तर घोडी पूर्ण बरी होते. अडचण एवढीच की खिळा रुतणं, लॅमिनायटिस (म्हणजे खुरातलं हाड कवचाला धरून ठेवणाऱ्या थराचा दाह) आणि हाड मोडणं हे तिन्ही प्रकार पहिल्या नजरेला असेच दिसू शकतात.

म्हणून घोडीला चालवून बघू नका. आहे तिथेच उभी ठेवा आणि चार पावलं लांबून तिची उभं राहण्याची ढब बघा. एकच पाय पुढे टेकवून किंवा उचलून धरला असेल आणि बाकीच्या तीन पायांवर ती व्यवस्थित असेल, तर दुखणं त्या एका पायात आहे. पण दोन्ही पुढचे पाय समोर ताणून, मागचे पाय पोटाखाली घेऊन, टाचांवर रेलल्यासारखी उभी असेल आणि वळायचं नावच काढत नसेल, तर लॅमिनायटिस आधी मनात आणा. मग वरून खाली हात फिरवत या. गुडघ्याखालच्या नळीला, घोट्याला सूज किंवा वेडावाकडा आकार दिसला, पाय भलत्याच ठिकाणी वाकताना दिसला, किंवा सांध्याजवळ जखम असून त्यातून पिवळसर, तार धरणारा द्रव येत असेल, तर खुराचा विचार सोडा, पायाला हात लावणं थांबवा आणि डॉक्टरांना पुन्हा फोन करून हे सांगा. ते ऐकल्यावर त्यांची घाई वेगळी असेल.

आता नाडी. घोट्याच्या मागच्या भागात, आतल्या आणि बाहेरच्या कडेला दोन बोटं हलकेच ठेवून खुराकडे जाणारी रक्तवाहिनी शोधा. निरोगी घोड्यात ती नाडी लागता लागत नाही. खुरात दाह असला की ती टकटक बोटावर येते. डाव्या पायाची उजव्या पायाशी तुलना करा. एकाच पायात जोरात असेल तर गळू, खिळा किंवा मार, आणि दोन्ही पुढच्या पायांत असेल तर लॅमिनायटिस, हा आडाखा बराच खरा ठरतो. माझी प्रत्येक मालकाला कळकळीची विनंती असते की घोडा बरा असताना रोज एकदा ही नाडी बघायची सवय लावून घ्या. ज्याने बरी नाडी कधी चाचपलेली नाही त्याला बिघडलेली कळत नाही. याच वेळी ताप मोजा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सियस असतं आणि शांत उभ्या घोड्याची हृदयगती मिनिटाला 28 ते 44. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, तासाभराने पुन्हा घ्या.

एवढं झाल्यावरच खूर उचला. ब्रशने आणि पाण्याने तळवा स्वच्छ करा. चाकू लावू नका.

तळव्यात खिळा, तार किंवा काचेचा तुकडा दिसला तर हात आपोआप तो उपटायला जातो. तिथेच हात आवरा. तळव्याच्या मध्यावर जो बाणाच्या आकाराचा, रबरासारखा भाग असतो, ज्याला आम्ही फ्रॉग म्हणतो, त्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर फार थोड्या अंतरावर पाय वाकवणारी जाड शीर (टेंडन), तिच्याखालची वंगणाची पिशवी आणि खुराचा सांधा असतो. खिळा तिथे पोचला आहे की नाही हे खिळा जागेवर असताना काढलेल्या एक्सरेत स्वच्छ दिसतं. खिळा काढला की ते रबरी भोक मिटून जातं, जणू काही झालंच नाही, आणि जंतू आत कोंडले जातात. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका घोडीचा असा खिळा काढला. मालकाने शाबासकी दिली, घोडी दोन दिवस बरी चालली, चौथ्या दिवशी पाय टेकवेना. डॉक्टरांनी पिशवीतला द्रव काढला तेव्हा तो गढूळ होता. ऑपरेशन करूनही ती वाचली नाही. खिळा कुठे आणि किती खोल होता हे डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मला नेमकं सांगता आलं नव्हतं. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही, म्हणून इतकं सांगतोय.

तेव्हा खिळा राहू द्या, आणि घोडी त्यावर वजन टाकून तो आणखी आत रेटणार नाही याची तजवीज करा. खिळ्याच्या बाहेर आलेल्या टोकापेक्षा जाड असे लाकडाचे दोन ठोकळे त्याच्या दोन्ही बाजूंना तळव्याला टेकवा, भोवती कापूस भरा आणि सगळं चिकटपट्टीने गुंडाळा. हे जमत नसेल, घोडी शांत राहत नसेल आणि प्रत्येक पावलाला खिळा आत चालला असेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून काढा. पण काढण्याआधी दोन बाजूंनी फोटो घ्या. सरळ, शिरला त्याच दिशेने ओढा. किती लांबीपर्यंत आत होता तिथे त्यावर मार्करने खूण करा, तळव्यावर भोकाभोवती गोल काढा आणि खिळा जपून ठेवा. भोक बेटाडिनने धुऊन स्वच्छ पट्टी बांधा. धनुर्वाताची लस कधी दिली होती ती तारीख शोधून ठेवा. धनुर्वात ज्या जनावरांना फार सहज होतो त्यांत घोडा अगदी पुढे आहे.

आठवडाभरात नाल मारून घेतली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. नालेचा एखादा खिळा जिवंत भागात गेला तर घोडा तिथल्या तिथे पाय झटकतो. पण जिवंत भागाच्या फार जवळून गेला असेल तर दुखणं दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढतं. अशा वेळी कोणत्या खिळ्यावर टकटक केल्यावर घोडी दचकते ते बघून तेवढाच खिळा काढला तरी पुष्कळदा निम्मं काम होतं. नालबंदाला बोलवायला संकोच करू नका. चांगला नालबंद अशा फोनवर रागावत नाही.

परकी वस्तू दिसली नाही, वर सूज नाही, नाडी एकाच पायात ठणठणतेय, खूर शेजारच्या खुरापेक्षा गरम लागतोय, म्हणजे बहुधा गळू. इथे माणसं सगळ्यात जास्त चूक करतात ती पू शोधत तळवा कोरत जाण्याची. तळवा पातळ असतो आणि मोठं भोक पाडलं तर आतला जिवंत भाग त्यातून बाहेर येतो, मग मूळ गळूपेक्षा तेच बरं व्हायला जास्त दिवस लागतात. पुवाला वाट करून देणं हे जाणत्या हाताचं काम आहे. खूर पकडीने दाबत दाबत दुखरी जागा शोधायची, तळवा आणि कवच जिथे जुळतात त्या पांढऱ्या रेघेच्या कडेने काळी खूण धरत जायचं आणि पू दिसला की थांबायचं. पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं. काळपट, घाण वासाचा पातळ पू सुटतो आणि काही घोडे तिथेच सुस्कारा टाकून पाय टेकवतात. माझ्या कामातला तो सगळ्यात सुखाचा क्षण असतो.

तुम्ही एवढं करा. बादलीत सोसवेल इतकं कोमट पाणी घ्या, त्यात एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट भरपूर विरघळवा आणि पंधरा-वीस मिनिटं खूर त्यात ठेवा. त्यानंतर त्याच मिठाचं कापसात भिजवलेलं पोटीस तळव्याला लावा. वर लहान मुलाचं डायपर आणि त्यावर चिकटपट्टीचे थर. डायपर थट्टेचं वाटेल, पण खुराच्या मापाचं, पाणी धरून ठेवणारं यापेक्षा सोयीचं काही मला मिळालेलं नाही. केस संपून खूर जिथे सुरू होतो त्या कडेच्या वर चिकटपट्टी घट्ट आवळू नका, तिथे रक्त अडतं. पोटीस रोज बदला आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण ओला राहून तळवा लिबलिबीत होतो. पू निघून गेल्यावर भोकात बेटाडिनचा कापूस घालून कोरडी पट्टी. साध्या गळवाला प्रतिजैविकं सहसा लागत नाहीत. आणि वाट करून दिल्यावर दोन दिवसांत स्पष्ट फरक पडला नाही, तर आपण ज्याला गळू समजतोय ते दुसरंच काही असेल असं धरून एक्सरे काढा. खुरातलं हाड मोडलेलं घोडं अगदी असंच दिसतं. वर्षातून तीन-चार वेळा गळू होणाऱ्या घोड्यातही नुसतं पोटीस लावत राहू नये. बहुतेकदा त्याच्या मुळाशी जुना लॅमिनायटिस निघतो.

लॅमिनायटिसबद्दल थोडं सविस्तर सांगावंच लागेल. खुराच्या आतलं हाड कवचाला टांगलेलं असतं. हाडाच्या बाजूने आणि कवचाच्या बाजूने साडेपाचशे-सहाशे पातळ पापुद्रे असतात, प्रत्येकावर शंभर-दोनशे बारीक उपपापुद्रे, आणि दोन्हीकडचे पापुद्रे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे गुंतलेले असतात. ही पकड सुटू लागली की हाड टोकाकडे फिरतं किंवा सरळ खाली बसतं, आणि एकदा सरकलेलं हाड औषधाने जागेवर येत नाही. म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. कारणं मुख्यतः तीन. रक्तातलं इन्शुलिन वाढलेलं असणं, हे आज सगळ्यात जास्त दिसतं. मानेवर चरबीची वळी असलेले, थोड्या चाऱ्यावरही सुटणारे घोडे आणि तट्टू, तसंच म्हातारपणी लांब केस न गाळणारे घोडे यांच्यात ते असतं. दुसरं कारण अंगभर पसरलेलं विष: धान्याच्या पोत्यात तोंड घातलेला घोडा, जोरदार जुलाब लागलेला घोडा, वार अडकलेली घोडी. तिसऱ्याकडे मी शेवटी येतो.

संशय आला की दाणा ताबडतोब बंद, हिरवं कुरण बंद. पण उपाशी ठेवू नका. लठ्ठ तट्टू आणि गाभण घोड्या उपाशी राहिल्या तर रक्तात चरबी चढून जिवावर बेतू शकतं. सुकं गवत थंड पाण्यात अर्धा-एक तास भिजवून, ते पाणी टाकून द्या आणि गवत खायला घाला, त्यातली साखर बरीच कमी होते. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, आणि तेही नुसता खूर बुडवून नाही, घोट्याच्या वर नळीच्या अर्ध्यापर्यंत तरी. जुलाब किंवा दाणा खाल्ल्याच्या प्रकारात लंगडायला लागायच्या आधीच बर्फ सुरू केला तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तो दोन-तीन दिवस, रात्रीसुद्धा, न थांबता द्यावा लागतो. दिवसातून दोनदा वीस मिनिटं पाणी मारणं ही फक्त आपल्या मनाची समजूत. बर्फ संपणार असेल तर आधीच माणूस पाठवा. किती दिवस चालू ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील.

त्याचबरोबर तळव्याला आधार. दोन इंच जाडीचा, दाबला तर हळूहळू बसणारा घट्ट थर्माकोल खुराच्या आकारात कापून चिकटपट्टीने बांधा. एक-दोन दिवसांत तो दबून तळव्याचा साचा धरतो. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचा टोकाकडचा भाग कापून, खाली दुसरा थर लावला की भार टाचेच्या बाजूला जातो आणि फाटणाऱ्या पापुद्र्यांवरचा ताण हलका होतो. खोल वाळू किंवा भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड भुश्शाचं अंथरूण असेल तर फारच उत्तम. घोडी आडवी झाली तर उठवू नका, ती पायांना विश्रांती देतेय. 'चालवलं की रक्त मोकळं होतं' हा जुना समज लॅमिनायटिसमध्ये घातक आहे. प्रत्येक पाऊल त्या सुटत्या पापुद्र्यांना ओढतं.

वेदनाशामक औषध हाताशी असलं तरी फोनवर विचारल्याशिवाय देऊ नका. फिनाइलब्युटाझोन आणि फ्लुनिक्सिन एकापाठोपाठ दिल्याने आतड्याला व मूत्रपिंडाला इजा होते. आणि दुखणं दाबलं की घोडी मोडक्या हाडावरही वजन टाकते.

नाल काढायची का? अर्धवट निखळून फिरलेली, जिचा खिळा तळव्यात रुततोय अशी नाल काढायलाच हवी. कवचाबाहेर मुडपलेली खिळ्यांची टोकं आधी कानशीने घासून सोडवा. मग पकड टाचेकडून घालून, एकदा आतल्या बाजूने एकदा बाहेरच्या बाजूने असं थोडं थोडं सैल करत टोकाकडे या. पकड नेहमी खुराच्या मध्याकडे दाबायची. बाहेर पिळली तर कवचाचा तुकडाच हातात येतो आणि पुढची नाल ठोकायला जागा उरत नाही. लॅमिनायटिस असेल तर हातोडी अजिबात नको, एकेक खिळा स्वतंत्रपणे ओढून काढायचा, आणि तळव्याचा आधार तयार नसेल तर नाल राहू द्यायची. पातळ तळव्याचा घोडा कठीण जमिनीवर अनवाणी उभा केला तर त्याचे हाल वाढतात.

टाचेचा मऊ भाग फाटला तर रक्त बघून भोवळ येते, पण जाड कापूस लावून घट्ट दाबून बांधलं की ते थांबतं. अशा जखमा खुराला प्लास्टर घालून दोन-तीन आठवडे हलू न दिल्यास सुरेख भरतात.

आता उपचाराच्या नालेचा प्रश्न. नाल हे औषध नाही. नालेने फक्त एवढंच करता येतं की भार इथून उचलून तिथे टाकायचा आणि पाऊल उचलताना खूर ज्या बिंदूवरून कलतो तो बिंदू मागे घ्यायचा. भार कुठून काढायचा हे ठाऊक नसताना मारलेली खास नाल साध्या नालेपेक्षा जास्त नुकसान करते. हृदयाच्या आकाराच्या, फ्रॉगला आधार देणाऱ्या नालेने मी घोडे उभे राहताना पाहिलेत. तीच नाल दोन मिलिमीटर जास्त दाबली म्हणून घोडी रात्रभर विव्हळलेलीही पाहिली आहे. म्हणून मी एक्सरे बघितल्याशिवाय लॅमिनायटिसच्या घोड्याला नाल मारत नाही. उभ्या घोड्याचा बाजूने काढलेला एक्सरे हवा, कवचाच्या पुढच्या रेषेवर तार चिकटवलेली हवी, म्हणजे हाड किती फिरलंय, किती खाली बसलंय, तळवा किती जाड उरलाय हे मोजता येतं. तळवा पंधरा मिलिमीटरपेक्षा बराच कमी असेल तर मी फार जपून चालतो. मग लाकडी तळ, चिकटवायची नाल की नुसताच सिलिकॉनचा भराव, हे डॉक्टर आणि नालबंद दोघांनी एकाच एक्सरेवर बोट ठेवून ठरवायचं. डॉक्टर एक सांगतात, नालबंद दुसरं, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा दोघे एकत्र कधी उभेच राहिलेले नसतात. त्यांना एका वेळी बोलावणं हे मालकाच्या हातात आहे.

तीव्र दाह चालू असताना घाईने नाल नको. पहिले दिवस थर्माकोल आणि वाळू यांवरच काढावेत. पुढे दर चार-सहा आठवड्यांनी छाटणी आणि ठरलेल्या वेळी नवा एक्सरे. कवच महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतं, म्हणजे पुढचं टोक वरपासून खालपर्यंत नवं यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. टाच त्यापेक्षा निम्म्या वेळात येते. खुराच्या भेगेलाही हाच हिशेब. भेग तारेने शिवून वर लेप लावता येतो, पण आत घाण राहिली असताना लेप लावला तर पुन्हा गळू, आणि खूर एका बाजूला आपटण्याचं मूळ कारण दुरुस्त केलं नाही तर लेपाखाली तीच भेग पुन्हा.

शेवटी ते तिसरं कारण. दुखऱ्या पायाच्या गडबडीत दुसरा पाय सगळे विसरतात. एका पायावर आठवडेन् आठवडे भार पडला की त्या धडधाकट पायाच्या पापुद्र्यांना रक्त नीट पोचत नाही आणि त्यालाच लॅमिनायटिस होतो. 2006 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत जिंकणाऱ्या बार्बारो या घोड्याचा त्याच वर्षी मे महिन्यात प्रीकनेसच्या शर्यतीत उजवा मागचा पाय मोडला. ते हाड उत्तम सांधलं जात होतं. जुलैत डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, पुढे तो पुढच्या पायांतही पसरला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला शांतपणे निरोप द्यावा लागला. जगातले उत्तमातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना हे झालं. म्हणून तुमच्या घोडीच्या डाव्या पुढच्या खुराखालीही आजच थर्माकोल बांधा, खाली मऊ अंथरूण ठेवा आणि त्याची नाडी सकाळ-संध्याकाळ बघा. दिवसभर उजव्या पायाकडून डाव्याकडे आणि परत असा भार बदलणारी घोडी एके दिवशी डाव्यावरून हलायचीच थांबली, किंवा लंगडणं अचानक 'बरं' झाल्यासारखं वाटलं, तर आनंद मानण्याआधी डाव्या पायाच्या नाडीवर बोटं ठेवा, आणि ती जोरात लागली तर डॉक्टरांना रात्रीच उठवा.